गणवेशाच्या विरोधात, आईच्या समोर

मी आठवीत होते तेव्हा आमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुलींचे गणवेश माझी आई शिवायची. आम्ही पंचवटीत, दिंडोरी रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत खिडकीशी आईचं पायमशीन होतं आणि एप्रिल संपला की त्या खोलीचा ताबा हिरव्या कापडाकडे जायचा. बसायला जागा उरत नसे. कापडाच्या ठाणावर बसलं की आई ओरडायची, म्हणून आम्ही कित्येकदा उभ्यानेच चहा प्यायचो. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. संध्याकाळी घरी आले की ते दारातच थांबून विचारायचे, "आज पाय कुठे ठेवू?"

गणवेश म्हणजे पांढरा ब्लाउज आणि त्यावर शेवाळी रंगाचा पिनो, म्हणजे बिनबाह्यांचा, गळ्यातून घालायचा झगा. पुढे तीन आणि मागे तीन जाड चुण्या, कमरेला त्याच कापडाचा पट्टा. हा पिनो कोणी ठरवला होता कोणास ठाऊक. ज्याने ठरवला त्याने तो घालून एकदाही सायकल चालवली नव्हती, एवढं नक्की.

मे महिन्यात मापं द्यायला मुली आमच्या घरी यायच्या. आई गळ्यात टेप टाकून उभी राहायची आणि मी वही घेऊन शेजारी. ती आकडे सांगायची, मी लिहायचे. त्यामुळे वर्गातल्या प्रत्येक मुलीची कंबर मला तोंडपाठ होती आणि भांडणात मी त्याचा उपयोग करायचे, हे इथे कबूल करून टाकते. माप घेऊन झालं की आई मुलीच्या आईकडे बघायची, मुलीची आई आईकडे बघायची, आणि काही न बोलता आकड्यात तीन इंच वाढायचे. "वाढतं अंग हाय," आई मला म्हणायची, "लिही." जूनमध्ये शाळा सुरू झाली की पाचवीचा वर्ग म्हणजे नुसते चालते-फिरते तंबू. कोणता तंबू कोणाचा, हे बाईंना दिवाळीपर्यंत कळत नसे.

गणवेश शिवणाऱ्या बाईच्या मुलीचा गणवेश फार झोकदार असेल, असं कोणालाही वाटेल. तसं नव्हतं. माझा पिनो सगळ्यांत शेवटी शिवला जायचा, आणि तोही उरलेल्या कातरणातून. ठाण बदललं की हिरवा थोडा बदलतो. माझा पुढचा भाग शेवाळी होता, मागचा पोपटाकडे झुकलेला आणि पट्टा जवळजवळ काळा. माझ्या बाकावरची मैत्रीण म्हणायची, "तू पुढून आमच्या शाळेत आहेस आणि मागून दुसऱ्याच." मी घरी येऊन रडले की आई मशीन न थांबवता म्हणायची, "लोकांचं आधी. आपलं काय, घरचंच हाय."

त्या वर्षी डिसेंबरात गॅदरिंगच्या आधी वादविवाद स्पर्धा ठरली. विषय होता, शालेय गणवेश असावा की नसावा. मराठीच्या बाईंनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. मी काढलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "नसावा". मला आनंदाने घाम फुटला. माझ्याकडे मुद्दे नव्हते, पण पुरावा मी रोज अंगावर घालूनच येत होते.

घरी आल्यावर मी फक्त पप्पांना सांगितलं. पप्पांनी चौदा वर्षं कंपनीचा राखाडी शर्ट आणि राखाडी पँट घातली होती. त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नव्हते. रविवारी भाजी आणायलासुद्धा ते तोच शर्ट घालून जायचे. विषय ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"नसावा?" ते म्हणाले. "दे इकडे. मी लिहितो."

सलग चार दिवस संध्याकाळी ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत होते. अधूनमधून उठायचे, खिडकीबाहेर बघायचे, पुन्हा बसायचे. भाषण तयार झालं तेव्हा मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. पहिलंच वाक्य होतं, "गणवेश म्हणजे उमलत्या व्यक्तिमत्त्वाचं बोन्साय!"

"बोन्साय म्हणजे काय?"

"कुंडीत कोंबून खुरटवलेलं झाड. परीक्षकांना माहीत असतं."

"आईला सांगायचं का?"

पप्पांनी पुढच्या खोलीतल्या मशीनच्या आवाजाचा अंदाज घेतला. मशीन जोरात चालू होतं. "विचारलं तर विज्ञान शाप की वरदान, असं सांग," ते हळूच म्हणाले. "त्यात कोणाचं काही जात नाही."

खरं भाषण आम्ही गच्चीवर पाठ करायचो. पप्पा वाळत घातलेल्या चादरींपुढे उभे राहून हातवारे दाखवायचे. पण आईला संशय येऊ नये म्हणून खालीही काहीतरी म्हणावं लागायचं. मी तिच्यासमोर उभी राहून सुरू करायचे, "विज्ञानाने आपल्याला पंखा दिला." पुढे काही सुचायचं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पाचव्या दिवशी आई दोरा तोडत म्हणाली, "आठवडा होत आला, तू पंख्याच्या पुढं काय सरकली नाय."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आई ठेवणीतली जांभळी साडी नेसत होती. मी विचारलं, कुठे चाललीस?

"तुझ्याच शाळेत," ती म्हणाली, आणि लाजली. "मोठ्या बाईंचा निरोप आलाय. भाषणं झाली की माझा सत्कार हाय. इतकी वर्षं कापडं शिवते म्हणून. तुमाला मुद्दाम नाय सांगितलं."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. माझी पाचावर धारण बसली. पप्पा अर्धी रजा टाकून परस्पर शाळेत येणार होते, त्यांना सांगायला मार्ग नव्हता. शाळेच्या हॉलमध्ये ते आले, दुसऱ्या रांगेत जांभळी साडी पाहिली, आणि मागच्या मागे एका खांबाआड गेले. नंतर पूर्ण कार्यक्रमभर मला त्यांचा फक्त एक राखाडी खांदा दिसत होता.

माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर उभी राहिले. आई पदर सावरून खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती आणि शेजारच्या बाईंना बोटाने मला दाखवत होती. एक क्षण वाटलं, विज्ञानावरच बोलून टाकावं. पण विज्ञानात माझ्याकडे पंख्याशिवाय काही नव्हतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते बोन्साय.

पाठ इतकं पक्कं झालं होतं की थांबताही येईना. "एकाच मापाने आम्हा सगळ्यांना कापणारी ही निर्दय कात्री!" मी हात उंचावला. टाळ्या पडल्या. "आणि ही कात्री चालवणाऱ्या हातांना आपण कधी जाब विचारणार?" पुन्हा टाळ्या. कात्री चालवणारे हात दुसऱ्या रांगेत मांडीवर ठेवलेले होते आणि हलत नव्हते.

माझ्यानंतर आणखी दोन मुलं बोलली. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी आधीच लिहून आणलेला कागद वाचला, "आणि आता, ज्यांच्या कात्रीने आपल्या शाळेला एकरूपता दिली, अशा..." पुढचं ऐकूच आलं नाही. सगळा हॉल हसत होता. आई वर गेली. शाल, नारळ घेतला. मोठ्या बाईंनी सवयीने विचारलं, दोन शब्द बोलणार का? कोणालाच वाटलं नव्हतं की ती बोलेल. ती माईकपाशी गेली.

"माप एक नसतंय," ती म्हणाली. "दोनशे अकरा मापं हायेत. वही घरी हाय. कुणाला बघायची असंल तर या."

तिला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. मला दुसरा नंबर मिळाला.

घरी जाताना आई पुढे, हातात नारळ, आणि मी दहा पावलं मागे. कोपऱ्यावर पप्पा भेटले. ते आत्ताच कंपनीतून आल्यासारखे दमलेले दिसत होते.

"झालं का भाषण?" त्यांनी विचारलं. "विज्ञान कसं झालं?"

आई थांबली. "बोन्साय म्हणजे काय हो?"

"झाडाचा एक प्रकार असतो," पप्पा म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"मला वाटलंच," आई म्हणाली, "तुमाला माहीत असंल."

त्यानंतर ती झोपेपर्यंत कोणाशीही बोलली नाही. भाजीत मीठ बरोबर होतं. तेच जास्त भीतीचं वाटलं.

सकाळी उठले तर खिळ्यावर माझा पिनो नव्हता. पुढच्या खोलीत आई जमिनीवर बसली होती आणि तिच्यासमोर नऊ हिरवे तुकडे पसरलेले होते. तिने पिनो टीप न् टीप उसवला होता. चुण्या सोडवून सरळ केल्या होत्या, दोरे काढून एका बाजूला ठेवले होते. उसवण्यातही तिचं काम स्वच्छ होतं.

"तुला नको होता ना?" ती म्हणाली. "मीच शिवला, मीच उसवला. कात्री निर्दय हाय."

ती त्या तुकड्यांकडे बघतच होती. पुढचा तुकडा तिने मागच्या तुकड्याशेजारी सरकवला, मग पट्टा त्यांच्या खाली. तिन्ही हिरवे उजेडात शेजारी शेजारी पडले. मला तेव्हा वाटलं, ती अजून चिडते आहे. तसं नसावं, हे मला फार नंतर सुचलं.

घरात शाळेत घालण्यासारखा दुसरा कपडा नव्हता. माझ्याकडे धुवट घरचे दोन गाऊन होते आणि दिवाळीचा पिवळा फ्रॉक होता. पिवळा म्हणजे लांबून रिक्षावाला थांबेल असा. त्याला फुग्याच्या बाह्या होत्या आणि खाली चंदेरी लेस. तो घालून मी शाळेच्या फाटकाशी पोहोचले. पीटीचे सर शिट्टी तोंडात धरून उभे होते. शिट्टी पडली.

"वाढदिवस?"

"नाही सर."

"मग?"

आईने गणवेश उसवला, हे सांगायला जीभ रेटेना. "काल भाषण केलं ना सर," मी म्हणाले.

सरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हणजे उक्तीप्रमाणे कृती?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क आदर होता. त्यांनी मला मोठ्या बाईंकडे नेलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "विचार विचाराच्या जागी, गणवेश गणवेशाच्या जागी. आजच्या दिवस बस वर्गात. उद्यापासून गणवेशात यायचं."

वर्गात मात्र माझी मिरवणूक निघायचीच बाकी होती. मधल्या सुट्टीपर्यंत दुसऱ्या तुकड्यांच्या मुली मला बघायला आल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझी पुढची आणि मागची बाजू एकाच रंगाची होती, त्यामुळे मी गोल फिरूनही दाखवलं. बाकावरची मैत्रीण म्हणाली, "तू एकटीने का भोगायचं? उद्या मी पण." मी तिला नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघ बाई, तुझ्या मनाला पटलं तर."

संध्याकाळी मी पप्पांना सगळं सांगितलं. आई दोरे आणायला रविवार कारंजावर गेली होती. पप्पांनी बाह्या सरसावल्या आणि थेट मशीनवर बसले.

"तुम्हाला येतं?"

"अगं, लेथ चालवतो मी. हे तर खेळणं आहे."

वीस मिनिटं त्यांनी मशीन असं पळवलं की शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या. मग त्यांनी पिनो उचलून धरला. हात घालायला तीन भोकं होती आणि डोकं घालायला एकही नव्हतं. आई परत आली, तिने पिनो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"डोकं कुठून घालायचं?"

"घाईत राहिलं," पप्पा म्हणाले.

आईने तो पुन्हा उसवला आणि कणीक मळायला घेतली. तिच्या पाठीवरून मला वाटलं की ती हसते आहे, पण तिने वळून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावसबहिणीच्या लग्नातला घागरा घालून गेले. माझ्याबरोबर आणखी सात मुली रंगीत कपड्यांत होत्या. तिसऱ्या दिवशी सातवी, आठवी, नववी मिळून तीसेक मुली होत्या, आणि त्यांत मुलंही घुसली होती. एक जण वडिलांच्या सफारीत आला होता. त्याच्या बाह्या हाताच्या पुढे वीतभर लोंबत होत्या, त्यामुळे गणिताच्या तासाला त्याला फळ्यावर काही लिहिता आलं नाही. एका मुलीच्या घरी गॅदरिंगच्या कोळीनृत्याचे कपडे सोडले तर नवं काहीच नव्हतं, म्हणून ती कोळीण होऊन आली. टोपली तेवढी आणली नव्हती. इतिहासाच्या बाईंनी हजेरी घेताना वर पाहिलं आणि त्यांची हजेरी चुकली.

त्याच दिवशी माझे कपडे संपले. दिवाळीचा एक आणि लग्नाचा एक, एवढीच माझी दौलत. मी पुन्हा पिवळा फ्रॉक घातला. चळवळ मी सुरू केली होती आणि तिसऱ्या दिवशी मीच पहिल्यांदा तोच कपडा घालून आले होते. सफारीवाल्याने विचारलंच, "परवाचाच ना हा?" मी म्हणाले, "हाच माझा गणवेश." लोक हसले, पण माझे कान तापले होते.

मखमलाबादहून एक मुलगी सायकलवर शाळेत यायची. तिच्या घरी फुलांची शेती होती आणि सकाळी फुलं तोडून झाली की ती शाळेला निघायची. तिन्ही दिवस ती पिनो घालूनच आली. मधल्या सुट्टीत मी तिला जरा तोऱ्यातच विचारलं, "तू का नाही आमच्यात?"

ती डब्यातली भाकरी मोडत होती. "माझ्याकडं हाच चांगला हाय," ती म्हणाली. तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, काय वार आहे ते सांगावं तसं. मी तिथून उठले. नंतरचे दोन तास मला त्या चंदेरी लेसचं काय करावं ते कळत नव्हतं. मी ती दप्तराखाली झाकून बसले.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला आईला शाळेत बोलावणं गेलं.

मोठ्या बाई टेबलामागे बसल्या होत्या, पीटीचे सर कपाटाला टेकून उभे होते, आणि मी पिवळ्या फ्रॉकमध्ये कोपऱ्यात. आई आली ती हातात कापडी पिशवी घेऊन. तिने बसायला नकार दिला.

"ताई," मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीने शाळेत काय चालवलं आहे, कल्पना आहे ना? गणवेश घालत नाही."

"कसा घालंल? मी उसवलाय."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तीन दिवस दिलेला आदर त्यांनी तिथल्या तिथे परत घेतला.

"म्हणजे हे तत्त्व वगैरे..." सर म्हणाले.

"तत्त्व नाय. राग. माझा राग होता," आई म्हणाली.

"मग शिवून द्या आणि विषय संपवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"देते. पण बाई, एक बोलू का? ही जे बोलली ते हिच्या बापानं लिहिलेलं. एकाच मापाचं जे बोलली ते साफ खोटं. पण कापड उसवलं तवा मी नीट बघितलं. हा पिनोच वाईट हाय."

तिने पिशवी उलटी केली. नऊ हिरवे तुकडे शाळेच्या हजेरीपटांवर पडले. मोठ्या बाई थोड्या मागे सरकल्या.

"या चुण्या बघा, सहा. कापड नुसतं यातच जातंय. पोरगी सायकलवर बसली की चाकात. दरसाली सात-आठ पोरी येतात माझ्याकडं, चेनच्या तेलानं काळा झालेला, फाटलेला पिनो घेऊन. आणि खिसा."

"कसला खिसा?"

"तेच तर. पोरांना तीन खिसे. पँटीला दोन, शर्टाला एक. पोरींना एक नाय. रुमाल पट्ट्यात खोचतात, पास मोज्यात घालतात. तू गं, सायकलची किल्ली कुठं ठेवती?"

"बुटात," मी म्हणाले.

"बघा. दिवसभर किल्लीवर चालती."

सर हसले. मोठ्या बाईंनी बघितल्यावर थांबले.

"आजपर्यंत मुलींच्या गणवेशाला खिसा नव्हता," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुली त्यात काहीबाही ठेवतील."

"ठेवतील की. खिसा त्यासाठीच असतो."

मोठ्या बाईंच्या कमरेला शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा खोचलेला होता. त्यांचा रुमाल ब्लाउजच्या बाहीत होता आणि सकाळचं बसचं तिकीट अजून घड्याळाच्या पट्ट्यात अडकलेलं होतं. आईने त्यातल्या कशाकडेही बोट दाखवलं नाही. ती फक्त बघत होती, कपडे शिवणारं माणूस बघतं तसं, वरून खाली. मोठ्या बाईंनी तिकीट हळूच काढलं, आणि ते कुठे ठेवावं हे न सुचून पुन्हा तिथेच सरकवलं.

"केवढा?" त्यांनी विचारलं.

आईने ब्लाउजमधून खडू काढला आणि पिनोच्या तुकड्यावर, टेबलावरच, खिसा काढला. "पंजा मावंल एवढा. उजवीकडं, शिवणीत. वरून दिसायचा पण नाय."

"आणि चुण्या?"

"दोन बस झाल्या."

"पुढच्या जूनपासून बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण उद्या एकूण एक मुलगी गणवेशात दिसली पाहिजे. कोळीणसुद्धा."

घरी आल्यावर आईने ते नऊ तुकडे गुंडाळून माळ्यावर टाकले. पलंगाखालून नवं, न कापलेलं ठाण ओढलं आणि त्यातून माझा पिनो कापला. मी म्हणाले, "हे तर लोकांचं आहे." ती म्हणाली, "वही काढ. तुझं माप कधी लिहिलंच नाय." मी माझ्याच कमरेचा आकडा माझ्या हाताने लिहिला. तिने त्यात तीन इंच वाढवले.

दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा हिरवी झाली. माझी कीर्ती मात्र दुपारपर्यंतच टिकली, कारण सरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळं सांगितलं आणि ते भिंतीतून झिरपत आमच्या वर्गापर्यंत आलं. माझी चळवळ म्हणजे आईचा राग होता, हे कळल्यावर बाकावरची मैत्रीण दोन दिवस बोलली नाही. तिला घरी मार बसला होता आणि तो फुकट गेला, असं तिचं म्हणणं होतं.

जूनमध्ये मात्र खिसे आले. पहिला आठवडाभर मुली उजवा हात खिशात घालूनच हिंडत होत्या, प्रार्थनेलासुद्धा. "मवाल्यांसारख्या काय चालता?" मराठीच्या बाई म्हणाल्या, पण कोणी हात काढला नाही. मोठ्या बाईंची भीती खरी ठरली. खिशात चिंचा आल्या, बोरं आली, हंगामात द्राक्षं आली आणि द्राक्षांवर कोणीतरी बसलं. खिसे तपासायची टूम निघाली. मखमलाबादच्या मुलीच्या खिशात सुई, दोरा आणि मोगऱ्याच्या कळ्या सापडल्या. ती मधल्या सुट्टीत गजरे करत होती. तपासणाऱ्या बाईंनी एक गजरा विकत घेतला आणि तपासणी तिथेच बंद पडली.

त्याच पावसाळ्यात एका रविवारी मोठ्या बाई आमच्या घरी आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पप्पा त्यांना बघून आतल्या खोलीत निघाले होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बोन्साय तुमचं ना?" पप्पा म्हणाले, "चहा ठेवतो." वर्तमानपत्रातून चार परकर निघाले. मोठ्या बाईंनी दाराकडे बघून आवाज खाली आणला आणि आईला म्हणाल्या, "याला आतल्या बाजूने... किल्ल्या मावतील असा एक..." आईने एक शब्द न विचारता परकर मशीनवर घेतला. चहा होईपर्यंत चारही झाले होते.

मी दहावी होऊन बाहेर पडले, कॉलेज रोडला शिकायला जाऊ लागले, आणि पुढे दोन हजारनंतर शाळेने गणवेश बाहेरून तयार मागवायला सुरुवात केली. लहान, मध्यम, मोठा, अशी तीनच मापं. आईने ते ऐकून पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, "मी तेव्हाच बोललो होतो, फक्त थोडं आधी बोललो." नवा पिनो दिसायला सुबक होता, पण त्याला खिसा नव्हता. त्या जूनमध्ये पहिल्या आठवड्यात तीन आया मुलींना घेऊन आल्या, दुसऱ्या आठवड्यात अकरा, आणि मग दरवर्षी जूनमध्ये आमच्या पुढच्या खोलीत फक्त खिसे लावायचं काम चालायचं.

पप्पांना वाटलं, दारावर पाटी हवी. त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिली, "स्वातंत्र्याचा पहिला कप्पा! येथे विद्यार्थिनींच्या गणवेशास..." आईने पुठ्ठा उलटा केला आणि माझ्या हातात खडू दिला.

"लिही," ती म्हणाली. "खिसे लावून मिळतील. वेळ, अकरा ते पाच."